बहुमाध्यमी वर्गात वाचन-लेखन शिकवताना : नव्या शिक्षकांसाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

वर्गात प्रोजेक्टर आला त्या पहिल्या वर्षी मी एका गोष्टीचे वीस पानांचे सादरीकरण तयार केले होते. प्रत्येक पानावर मोठे रंगीत चित्र, त्याखाली दोन ओळी मजकूर आणि जोडीला माझ्याच आवाजातील निवेदन अशी त्याची रचना होती. मुले तल्लीन होऊन पाहत होती आणि तास उत्तम झाला असे मला वाटले. दुसऱ्या दिवशी मी त्याच ओळी चित्रांशिवाय कागदावर छापून वाटल्या, तेव्हा निम्म्या वर्गाला त्या वाचता आल्या नाहीत. मुलांना गोष्ट पाठ होती, पण अक्षरांकडे त्यांनी पाहिलेच नव्हते. चित्र आणि आवाज यांनी सगळे सांगून टाकल्यावर अक्षरांकडे पाहण्याचे कारणच उरले नव्हते.

तुम्ही नुकतेच अध्यापनाला लागला असाल आणि ध्वनी, चित्र, चलचित्र, संगणक अशी साधने हाताशी असूनही नेमके कोठून सुरू करावे हे उमगत नसेल, तर पुढील टप्पे तुमच्यासाठी आहेत. प्राथमिक वर्ग डोळ्यांसमोर ठेवून ते लिहिले आहेत. माध्यम कोणतेही वापरा, पण त्या कृतीत कोठे तरी मुलाला अक्षरापाशी यावेच लागेल, ते वाचल्याशिवाय किंवा लिहिल्याशिवाय पुढे जाता येणार नाही, अशी योजना करा. हा लेख याच एका सूत्राभोवती बांधलेला आहे.

साक्षरतेची कल्पना छापील मजकुरापुरती राहिलेली नाही, हेही येथे सांगणे आवश्यक आहे. १९९४ मध्ये अमेरिकेतील न्यू लंडन या गावी दहा अभ्यासक एकत्र आले आणि १९९६ मध्ये त्यांनी ‘बहुसाक्षरता’ ही कल्पना मांडली. शब्द, चित्र, ध्वनी, हावभाव आणि अवकाशातील मांडणी या सर्वांतून अर्थ घडतो, त्यामुळे या सर्वांचे वाचन शिकवावे लागते, असे त्यांचे म्हणणे होते. मला ते पटते. मात्र ज्या मुलाला अजून जोडाक्षर फोडता येत नाही, त्याच्या बाबतीत बहुसाक्षरतेच्या नावाखाली लिपीचे शिक्षण मागे पडू देणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

## तयारी : काय हाताशी असावे

सुरुवातीला फार थोडे लागते.

- ध्वनिमुद्रण करू शकणारे एक साधन. साधा मोबाईल पुरतो
- सर्वांना दिसेल असा पडदा किंवा मोठा संगणक
- ध्वनी कापण्या-जोडण्यासाठी एखादी मोफत प्रणाली, उदाहरणार्थ ऑडॅसिटी
- युनिकोडमध्ये, म्हणजे कोणत्याही संगणकावर अक्षरे तशीच दिसतील अशा पद्धतीत, टंकलेखनाची सोय
- प्रत्येक मुलासाठी एक वही, जिच्यात पाहिलेल्या आणि ऐकलेल्या गोष्टींविषयीचे लेखन होईल
- मुलांचा आवाज किंवा छायाचित्र टिपण्यासाठी पालकांचे लेखी संमतिपत्र
- प्रत्येक पाठाची कागदावरची आवृत्ती

शेवटच्या दोन गोष्टी नवे शिक्षक हमखास विसरतात. संमतिपत्रात ध्वनिमुद्रण कशासाठी करणार, कोण ऐकणार आणि ते कधी पुसून टाकणार, या तीन गोष्टी स्पष्ट लिहा. मुलाचे पूर्ण नाव फाइलच्या नावात घालू नका, त्याऐवजी क्रमांक द्या. कागदावरच्या आवृत्तीचे कारण उघड आहे, कारण यंत्र बंद पडले तरी तास चालू राहिला पाहिजे.

## १. उद्दिष्ट एका वाक्यात लिहा आणि मगच माध्यम निवडा

‘आज व्हिडिओ दाखवायचा आहे’ हे उद्दिष्ट नव्हे. ‘मुले र-फार असलेले दहा शब्द अचूक वाचतील’ किंवा ‘मुले वर्णनातून पात्राचा स्वभाव ओळखून त्याला मजकुरातला आधार दाखवतील’ ही उद्दिष्टे आहेत. दोन्हींसाठी लागणारी माध्यमे वेगळी आहेत.

येथे गफ आणि टनमर या वाचन-संशोधकांनी १९८६ मध्ये मांडलेला साधा विचार उपयोगी पडतो. त्यांच्या मते वाचनाचे आकलन म्हणजे लिपी उलगडण्याची क्षमता आणि भाषा समजण्याची क्षमता यांचा गुणाकार होय. बेरीज असती, तर एका बाजूची उणीव दुसरीने भरून निघाली असती. गुणाकार असल्यामुळे एक बाजू शून्यावर असेल, तर उत्तरही शून्यच येते. म्हणून माध्यम निवडण्याआधी हे मूल कोठे अडते आहे, हे पाहा. अक्षरे जुळवता येत असूनही अर्थ लागत नसेल, तर श्राव्य गोष्टी, चित्रे आणि गप्पा यांनी शब्दसंपत्ती वाढवा. ऐकलेली गोष्ट नीट समजते, पण वाचताना अडखळते, अशा मुलाला आणखी चलचित्रे दाखवून काही साधत नाही. त्याला अक्षर आणि ध्वनी यांची सांगड घालण्याचा सराव हवा असतो.

पहिल्या आठवड्यात प्रत्येक मुलाची ही दोन्ही अंगे वेगवेगळी तपासा. एक छोटा उतारा मुलाला वाचून दाखवा आणि त्यावर प्रश्न विचारा. तेवढ्याच काठिण्याचा दुसरा उतारा त्याला स्वतः वाचायला द्या. दोन्हींतील फरकावरून पुढच्या महिन्याची दिशा ठरते.

## २. ध्वनीपासून सुरुवात करा

सर्व माध्यमांत ध्वनी मला सर्वांत विश्वासू वाटतो. तो पडद्यासारखी नजर ओढून घेत नाही, त्यामुळे डोळे मजकुरावर राहू शकतात.

पहिला आठवडा ‘ऐकत वाचणे’ या कृतीला द्या. सुमारे शंभर शब्दांचा उतारा तुमच्या आवाजात, नेहमीपेक्षा किंचित संथ पण नैसर्गिक चढउतारांसह मुद्रित करा. मुलांनी कागदावरच्या ओळीखाली बोट फिरवत तो ऐकावा. बोट कोठे मागे पडते, कोठे पुढे पळते, हे वर्गात फिरून पाहिले की अडचणीचे शब्द आपोआप कळतात.

त्यानंतर मुलांनी स्वतःचे प्रकट वाचन मुद्रित करावे. वाचन-संशोधक सॅम्युएल्स यांनी १९७९ मध्ये पुनर्वाचनाची पद्धत मांडली. तीत छोटा उतारा समाधानकारक ओघ येईपर्यंत पुन्हा पुन्हा वाचायचा असतो. अडचण ही की, एकच उतारा चार वेळा वाचायला मुले कंटाळतात. ध्वनिमुद्रणाने ही अडचण सुटते, कारण मुलाला आपला आवाज ऐकायचा असतो, ऐकल्यावर चूक कळते आणि ती सुधारून पुन्हा मुद्रण करावेसे वाटते. तुम्ही चूक दाखवली तर मूल खट्टू होते. तीच चूक त्याने स्वतः ऐकली, तर ते स्वतःहून पान उलटून त्या शब्दाशी परत जाते.

यात काही धोके आहेत. मुलाचे अडखळते वाचन सर्व वर्गासमोर कधीही वाजवू नका, ते फक्त त्याने आणि तुम्ही ऐकायचे असते. पाठ झालेला उतारा मूल कागदाकडे न पाहता म्हणत असेल, तर त्यातील वाक्यांचा क्रम बदलून पाहा. मूल खरोखर वाचते की आठवते, हे लगेच दिसते. तिसरा धोका यंत्राच्या आवाजाचा आहे. मजकूर वाचून दाखवणाऱ्या प्रणाली सोयीच्या असल्या, तरी मराठीतील ‘चिमणी’तला च आणि ‘चमचा’तला च हे वेगळे उच्चार त्या नेहमीच नीट करतात असे नाही. नवशिक्या वाचकांसाठी माणसाचाच आवाज वापरा. शेजारच्या वर्गातील शिक्षकांचा, आजी-आजोबांचा, मोठ्या मुलांचा आवाजही चालतो. उलट, वेगवेगळे आवाज ऐकण्याने मुलांचा कान तयार होतो.

## ३. चित्र वाचायला शिकवा आणि योग्य वेळी ते झाका

चित्र एका दृष्टिक्षेपात सगळे दाखवते, मजकूर मात्र एकामागोमाग एक उलगडतो. या फरकावर काम करणे फार फलदायी ठरते. एक चित्र दाखवून मुलांना विचारा, ‘यातली कोणती गोष्ट शब्दांत सांगायला अवघड आहे?’ मग एक वाक्य देऊन विचारा, ‘यातली कोणती गोष्ट चित्रात काढता येणार नाही?’ ‘तो रोज सकाळी लवकर उठत असे’ यातील ‘रोज’ आणि ‘असे’ चित्रात आणताना मुलांची जी धडपड होते, तीतून त्यांना काळ आणि क्रियापद यांची जाण येते. व्याकरणाचा नियम सांगून ती इतक्या लवकर येत नाही.

परंतु चित्रवाचन आणि अक्षरवाचन यांची गल्लत होऊ देऊ नका. चित्रात घोडा दिसतो म्हणून ‘अश्व’ या शब्दाला ‘घोडा’ वाचणारे मूल हुशार असते, पण ते वाचत नसते. म्हणून लिपी शिकवण्याच्या पाठात क्रम उलटा ठेवा. आधी शब्द वाचावा आणि नंतर चित्र उघडून अंदाज पडताळावा. चित्रावर कागदाची पट्टी लावण्याइतकी साधी युक्ती यासाठी पुरते. पडद्यावर शिकवत असाल, तर शब्द आधी आणि चित्र नंतर येईल अशी मांडणी करा.

## ४. चलचित्र दाखवताना मजकुराला जागा द्या

मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांनी बहुमाध्यमी अध्ययनावर केलेले प्रयोग सादरीकरण तयार करणाऱ्या प्रत्येकाने समजून घ्यावेत असे आहेत. अनावश्यक चित्रे आणि पार्श्वसंगीत काढून टाकल्यास शिकणे सुधारते. चित्र आणि त्याचे स्पष्टीकरण जवळजवळ ठेवल्यास समजणे सोपे जाते. चलचित्राला निवेदन असताना तेच शब्द पडद्यावर लिहिल्यास मात्र बहुधा फायदा होत नाही, उलट लक्ष विभागते. हे निष्कर्ष तुमच्या सादरीकरणाला लावा.

येथे एक महत्त्वाचा अपवाद आहे आणि तो कळायला मला बराच काळ लागला. मेयर यांच्या प्रयोगांत शिकायचा विषय वेगळा असतो आणि वाचन हे त्याचे साधन असते. आपल्या वर्गात वाचन हाच विषय आहे. त्यामुळे विषय समजावताना अडथळा ठरणारा पडद्यावरचा मजकूर वाचन शिकवताना कामाचा ठरतो. त्याच भाषेतील उपशीर्षकांची (सबटायटल्सची) कल्पना भारतात साक्षरतेवर काम करणारे ब्रिज कोठारी यांनी १९९६ मध्ये पुढे आणली, ती याच विचारावर उभी आहे. गाणे ज्या भाषेत आहे त्याच भाषेत त्याचे शब्द पडद्यावर उमटले, की ओळखीचा ध्वनी आणि कमी ओळखीचे अक्षर यांची गाठ पुन्हा पुन्हा पडते.

वर्गात हे असे करा. दोन ते तीन मिनिटांचे चलचित्र निवडा, त्याहून मोठे नको. पहिल्यांदा ते उपशीर्षकांसह सलग दाखवा. दुसऱ्यांदा आवाज बंद ठेवा आणि उपशीर्षके मुलांना वाचू द्या. येथे अक्षराला पर्याय उरत नाही आणि हाच या कृतीचा गाभा आहे. तिसऱ्यांदा आवाज आणि उपशीर्षके दोन्ही बंद करा, चित्र थांबवत थांबवत पुढे न्या आणि त्या त्या जागी काय लिहिले जावे हे मुलांना वहीत लिहू द्या. वर्ग लहान असेल तर मुलांनी लिहिलेली उपशीर्षके खरोखरच त्या चित्रावर बसवून दाखवा.

यंत्राने आपोआप तयार केलेली उपशीर्षके तपासल्याशिवाय वापरू नका. त्यांतील ऱ्हस्व-दीर्घाच्या आणि शब्द तोडण्याच्या चुका मुले बरोबर समजून उचलतात.

## ५. पडद्यावरची लिपी तपासून घ्या

हा टप्पा छोटा आहे, पण तो चुकला तर बाकीची मेहनत वाया जाते.

जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधील मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की अर्थहीन चिन्हे दिसू लागतात, म्हणून सारे लेखन युनिकोडमध्येच करा. अनेक फॉन्टमध्ये ‘ल’ आणि ‘श’ यांची हिंदी वळणाची रूपे येतात. मुले फळ्यावर आणि पाठ्यपुस्तकात मराठी वळणाची रूपे गिरवत असतील, तर पडद्यावरही तीच दिसतील असा फॉन्ट शोधा. जोडाक्षरे एकाखाली एक की शेजारी शेजारी दिसतात, हेही पाहा. सुरुवातीच्या काळात एकच रूप ठेवावे, दुसऱ्याची ओळख नंतर करून द्यावी. ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी लिहिली जाते आणि नंतर उच्चारली जाते. मुलांचा गोंधळ होणारी ही जागा अक्षर घडताना दाखवणाऱ्या छोट्या चलचित्राने फार चांगली स्पष्ट होते.

पार्श्वभूमी आणि अक्षरे यांच्या रंगांच्या उजळपणातील तफावतही पुरेशी हवी. सुगम्यतेच्या आंतरराष्ट्रीय निकषांनुसार सामान्य आकाराच्या मजकुरासाठी ती किमान ४.५ : १ असावी लागते. वर्गाच्या शेवटच्या रांगेत जाऊन बसा आणि स्वतः वाचून पाहा.

## ६. मुलांना निर्माते करा

येथे घाई करू नका, वर्षातील सर्वाधिक वेळ या टप्प्याला द्या. पाहणे आणि ऐकणे यांतून मुले बरेच शिकतात, परंतु स्वतःची ध्वनिगोष्ट किंवा चित्रगोष्ट तयार करताना त्यांना लेखनाची गरज जाणवते आणि ही जाणीव बाहेरून देता येत नाही.

चार चौकटींच्या गोष्टीने सुरुवात करा. चार-चार मुलांचे गट करा आणि काम पुढील क्रमाने होऊ द्या :

१) गट आपसांत गोष्ट तोंडी ठरवतो.
२) प्रत्येक चौकटीसाठी एक-दोन वाक्ये लिहिली जातात. ती वाक्ये तुम्ही वाचल्याशिवाय पुढचे काम सुरू होत नाही.
३) चौकटीत चित्र काढले जाते किंवा छायाचित्र घेतले जाते.
४) लिहिलेली वाक्ये वाचून मुद्रित केली जातात.
५) दुसरा गट गोष्ट ऐकतो आणि न समजलेल्या जागा सांगतो. त्या जागा लेखनात दुरुस्त होतात आणि मुद्रण पुन्हा केले जाते.

दुसरी पायरी कोणत्याही परिस्थितीत गाळू नका. मुले लगेच मोबाईल हातात घेऊन बोलायला लागतात, गोष्ट रंगते, तुम्हालाही छान वाटते, पण कागदावर एक अक्षर उतरलेले नसते. पाचवी पायरीही वेळेअभावी वगळली जाते. खरे पुनर्लेखन तेथेच घडते, कारण शिक्षकाने खूण केली म्हणून वाक्य बदलणे आणि श्रोत्याला कळले नाही म्हणून ते बदलणे यांत मुलाच्या दृष्टीने मोठा फरक आहे.

या टप्प्यातील सर्वांत मोठा सापळा कामाच्या वाटणीत असतो. गटात मुले आपोआप आपापली जागा शोधतात. चांगले वाचणारा वाचतो, चांगले लिहिणारी लिहिते आणि ज्याला दोन्ही जड जाते तो चित्र काढतो किंवा यंत्र सांभाळतो. निर्मिती सुंदर होते. मात्र ज्याला वाचन-लेखनाची सर्वाधिक गरज होती, तोच त्यापासून सर्वाधिक दूर राहतो. माझ्या वर्गात हे एक पूर्ण सत्र चालले आणि माझ्या ध्यानात आले नाही, कारण मी तयार गोष्टी पाहत होतो, मुले पाहत नव्हतो. त्यानंतर मी लेखक, वाचक, चित्रकार आणि ध्वनिमुद्रक या भूमिका प्रत्येक चौकटीला बदलायला लावल्या. चौथ्या चौकटीपर्यंत प्रत्येकाने एकदा लिहिलेले असते आणि एकदा वाचलेले असते. दोन ओळी लिहायला एखाद्या मुलाला पंधरा मिनिटे लागली, तर लागू द्या.

ज्या मुलाला स्वतः लिहिणे अजून जमत नाही, त्याने वाक्य सांगावे आणि तुम्ही ते त्याच्याच शब्दांत लिहून द्यावे. मग ते त्याने वाचावे. स्वतःच्या तोंडचे वाक्य असल्यामुळे ते त्याला वाचता येते. त्याची भाषा घरच्या बोलीतील असेल, तर ती बदलू नका. प्रमाण रूप शेजारी लिहून दोन्हींची तुलना पुढे कधीतरी करता येईल.

## ७. जाळ्यावरचे वाचन वेगळे शिकवा

मोठ्या वर्गांत मुले जाळ्यावर, म्हणजे इंटरनेटवर, माहिती शोधायला लागतात, तेव्हा नवे कौशल्य लागते. सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू या शिक्षण-संशोधकांनी १० इतिहासतज्ज्ञ, १० तथ्य-तपासनीस आणि विद्यापीठातील २५ विद्यार्थी संकेतस्थळांची विश्वासार्हता कशी जोखतात, हे पाहिले. इतिहासतज्ज्ञ आणि विद्यार्थी बहुधा त्याच पानावर रेंगाळले आणि त्याच्या देखण्या रूपाला फसले. तथ्य-तपासनीस मात्र लगेच ते पान सोडून त्या संस्थेविषयी इतर लोक काय म्हणतात हे पाहायला गेले. मुलांना हीच सवय लावा. पान कोणी लिहिले, का लिहिले आणि दुसरीकडे त्याविषयी काय म्हटले आहे, या तीन प्रश्नांची उत्तरे वहीत लिहिल्याशिवाय त्या पानावरील माहिती वापरायची नाही, असा नियम करा.

तयार साहित्य वापरताना परवाना पाहणेही याच शिक्षणाचा भाग आहे. क्रिएटिव्ह कॉमन्सचा, म्हणजे साहित्य ठराविक अटींवर मोफत वापरू देणारा, परवाना आहे म्हणजे सर्व काही चालते, असा समज आढळतो. त्यात ‘एनडी’ ही अक्षरे असतील, तर बदल केलेली आवृत्ती किंवा अनुवाद इतरांना देता येत नाही. ‘बीवाय’ असेल तर श्रेय द्यावेच लागते. मुलांच्या चित्रगोष्टीच्या शेवटच्या चौकटीत श्रेयनामावली मुलांकडूनच लिहून घ्या.

## ८. मूल्यमापन करताना सजावट बाजूला ठेवा

चकचकीत सादरीकरणाला गुण देण्याचा मोह होतो. त्यावर उपाय म्हणजे दोन स्वतंत्र नोंदी ठेवणे. एका नोंदीत लिपी, ओघ, आकलन आणि लेखन यांचा विचार करा. दुसरीत माध्यमाची निवड कितपत योग्य होती, हे लिहा. या दोन्हींची बेरीज करू नका. शिवाय महिन्यातून एकदा कोणत्याही चित्राशिवाय आणि ध्वनीशिवाय, साध्या कागदावरचा अनोळखी उतारा प्रत्येक मुलाकडून वाचून घ्या. माध्यमांतून केलेले काम अक्षरापर्यंत पोचले की नाही, हे तेथे दिसते. प्रगती नसेल, तर पहिल्या टप्प्यावर परत या आणि मूल कोठे अडते आहे ते पुन्हा तपासा.

वर्षातून तीन ध्वनिमुद्रणे जपून ठेवा : सत्राच्या प्रारंभीचे, मध्याचे आणि अखेरचे. वर्षाच्या शेवटी पहिले आणि तिसरे मुद्रण मुलाला एकांतात ऐकवा आणि ‘काय बदलले?’ असे विचारा. त्याचे उत्तर त्याच्याच हाताने वहीच्या शेवटच्या पानावर लिहून घ्या आणि संमतिपत्रात ठरल्याप्रमाणे मूळ मुद्रणे पुसून टाका.